दगडाखालची डहाळी

आसनगाव,
१४ एप्रिल २००२

अनिता,

पत्र वाचायच्या आधी खाली बस, नायतर उभ्यानंच घाबरशील. कुणाला काय झालं नाय. आमी सगळी बरी आहोत.

काम असं हाय. प्रज्वलची तिसरीची परीक्षा परवा संपली आणि दोन दिवसांत त्यानं माझं डोकं खाल्लं. त्याच्या वर्गातली कुणी महाबळेश्वरला चाललीत, कुणी गोव्याला. "आई, आपण कुठं जायचं?" त्याचे पप्पा सकाळी सहाला जातात ते रात्री नऊला येतात, रविवारी झोपतात. आमी कुठं जाणार? मी म्हटलं, तुझी अनितामावशी वस्तीशाळेत बाई हाय, ती तुला मे महिन्यात रोज नवीन जागा दाखवील. बोलून बसले. आता माझी अब्रू तुझ्या हातात.

लांब नको गो. सकाळी भाकरी बांधून निघायचं, दिवस मावळायला घरी. करंजपाड्याच्या आजूबाजूला काय कमी हाय? मी गुरांमागं आख्खं रान तुडवलं. तू काय बघितलंस म्हणा! काका तुला पुस्तकापुढून उठू देत नव्हते. मी रानात फिरले आणि तू नकाशात.

प्रज्वलला उकडलेली अंडी आवडतात. दूध पीत नाय, मारू नको.

तुझी,
सुरेखाताई


करंजपाडा, पो. टोकावडे,
२१ एप्रिल २००२

प्रिय ताई,

तुझं पत्र बसूनच वाचलं, आणि तरी घाबरले. रोज नवीन जागा? माझ्याच्याने तीन होतील. पण त्या तीन नीट होतील असं बघते.

एक विचार मनात आला, तो तुला पटेल की नाही कळत नाही. प्रज्वलला एकट्याला फिरवण्यापेक्षा माझ्या शाळेतली मुलंही घेतली तर? चिंचवाडीतली बहुतेक मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. यंदा मी घरोघर जाऊन, हातापाया पडून, अकरा जणांना आजीआजोबांपाशी ठेवून घेतलं. आईबापांना सांगितलं होतं, मी त्यांच्याकडे लक्ष देईन. वर्षभर ती फळ्यासमोर बसली. त्यांच्या शाळेत सहल कधी झाली नाही. सहल म्हणजे काय ते मला वर्गात समजावून सांगावं लागलं. ठकूची बारकी म्हणाली, "म्हंजे काम नसताना चालायचं?" सगळी हसली.

तर पहिली सहल कोंडीच्या डोहावर, कारण ती पायी होते. दुसरी माळशेजच्या घाटात एस.टी.ने. तिसरीचं तू सांग. मुलांनी एकदा तरी रेल्वे जवळून बघावी असं मला वाटतं. अकरापैकी आठ जणांनी पाहिलेली नाही.

मी नियम लिहून काढले आहेत. पाणी घरून उकळून न्यायचं. नदीचं कुणी प्यायचं नाही. डोहात गुडघ्याच्या वर उतरायचं नाही. जोडीजोडीने चालायचं. बरोबर दुसरं मोठं माणूस हवं, म्हणून वाडीतल्या गिरजाबाईला विचारलं आहे. ती कळशी डोक्यावर घेईल. बाबा म्हणाले, "सहल आहे की लढाई?" हसले ते, पण मला हसू आलं नाही. दुसऱ्यांची मुलं घेऊन जायचं म्हणजे मोठी जबाबदारी आहे. आपल्या घरात मी पहिली शिकले, पहिली बाई झाले. माझ्या हातून काही राहिलं तर लोक म्हणतील, शिकून काय केलं.

प्रज्वलला चपला नको, बूट घालून पाठव.

तुझी,
अनिता


आसनगाव,
२६ एप्रिल २००२

अनिता,

वाडीतली पोरं घे, बिनधास्त घे. आमचा एकटा राहून लाडावलाय, चार पोरांत सरळ होईल.

रेल्वेचं माझ्यावर सोड. कसाऱ्याला न्यायचं. तिथं घाट चढायला लांबच्या गाडीला मागून दोन-तीन इंजिनं जोडतात, एकदम ढकलायला. धक्का बसला की आख्खी गाडी खणाखण वाजते. प्रज्वलच्या पप्पांचा एक दोस्त तिथं कामाला हाय, तो लांबून नीट दाखवील. तू पोरं घेऊन आसनगावला ये, जेवण माझ्याकडं. पिठलं-भात बारा जणांचा काय, वीस जणांचा करीन.

आणि ते पाणी उकळायचं खूळ! कोंडीचं पाणी आमी ओंजळीनं प्यायलो, काय झालं नाय. बरं, तू उकळ. तुला उकळल्याशिवाय झोप यायची नाय.

हे बुधवारी प्रज्वलला सोडायला येतील. बूट घातलेत.

सुरेखाताई


करंजपाडा,
शनिवार, ४ मे २००२

प्रिय ताई,

प्रज्वल मजेत आहे. बारकीशी त्याची गट्टी जमली आहे. ती त्याला "बूटवाला" म्हणते. कसाऱ्याच्या इंजिनांचं त्याने असं काही वर्णन केलं की आता तिला डोहाचं काही वाटतच नाही. रोज विचारते, "बाई, मागनं ढकलणारी गाडी कवा?" मी सांगितलं, आधी डोह, मग गाडी.

उद्या पहिली सहल. आज सकाळी मी एकटीच डोहावर जाऊन आले, न बघता मुलांना नेणं मला पटेना. सगळं तपासलं. चालायला पाऊण तास लागतो. वाटेत शेवटची दहा मिनिटं सोडून सावली आहे. काठीने पाणी मोजलं, अलीकडच्या काठाला माझ्या गुडघ्याइतकंच आहे. खडकाच्या बाजूला खोल आहे, तिकडे दोरी बांधून हद्द करीन. काठाला चार-दोन बारीक मासे मरून पडले होते, पाणी तापलं असेल. ते लांब फेकले, मुलांना वास नको.

डोहाकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी कुणी करंजाची ओली डहाळी आडवी टाकली होती, वर दगड ठेवून. रांगेत चालताना कुणीतरी अडखळलं असतं. मी दगड बाजूला केला आणि डहाळी करवंदीच्या जाळीत टाकली. वाटेतले काटेही वेचले. एवढं करून परत आले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की होईल नीट.

हे पत्र आत्ताच टोकावड्याला टाकायला देते आहे. सोमवारी सहलीचं सविस्तर लिहीन.

तुझी,
अनिता


आसनगाव,
९ मे २००२

अनिता,

प्रज्वल बरा हाय. काल सलाईन काढलं, आज भात खाल्ला त्यानं. पायांत बळ नाय म्हणतो, पण डॉक्टर म्हणाले येईल. घरी आणलं त्याला. दवाखान्यात आपल्या दोघींचं धड बोलणं झालं नाय. तू भिंतीला टेकून बसलेली, माझ्याकडं बघेचना. मी काय म्हटलं का तुला? माझं पोर वाचलं गो. मी तुला काय म्हणू?

बारकीच्या आईला तिथंच बघितलं. पोरीचा फ्रॉक घडी करून मांडीवर घेऊन बसली होती.

काल घरी आले तर तुझं चार तारखेचं पत्र दारात पडलेलं. वाचलं.

अनिता, एक विचारते, तेवढंच सांग. त्या पत्रात तू डहाळीचं लिहिलंस, ते आणखी कुणाला बोललीस का? पोलिसांना? काकांना? बोलली नसशील तर आता बोलू नको. का ते विचारू नको. जे झालं ते डोहातल्या औषधानं झालं. मासे मारायला औषध टाकणारा सापडलाय. तू पोरांना उचलून रस्त्यापर्यंत आणलंस, जीप थांबवलीस, म्हणून बाकीची अकरा वाचली. तेवढंच सगळ्यांना ठाऊक राहू दे.

जेव. काकी म्हणाली तू जेवत नाय.

सुरेखाताई


करंजपाडा,
१५ मे २००२

प्रिय ताई,

डहाळीचं कुणाला बोलले नाही. मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. तू विचारलंस तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. का विचारलंस?

त्या दिवशी काय झालं ते मी पोलिसांना दोनदा सांगितलं, बाबांना सांगितलं. तुला अजून सांगितलेलं नाही. प्रज्वल तुझा आहे, तुला कळायला हवं.

मी माणशी दोन पेले पाणी धरलं होतं. ऊन इतकं होतं की डोहावर पोचायच्या आधीच कळशी रिकामी झाली. हिशेब माझा चुकला. गिरजाबाई म्हणाली, नदी समोर असताना पोरं तहानलेली कशाला ठेवता. मी नको म्हणत होते. तेवढ्यात बारकी म्हणाली, "थांबा बाई, मी बघून येते." ती मागे वळून वाटेच्या तोंडापर्यंत पळत गेली. तिथे उभी राहून इकडेतिकडे जमिनीकडे बघत राहिली. मला वाटलं हिचं काही पडलं. परत आली आणि म्हणाली, "चांगलं हाय पाणी. पिऊया."

मी विचारलं, "तुला काय माहीत?" ती म्हणाली, "वाळूमामानं शिकवलंय."

आणि मी हो म्हटलं, ताई. मला वाटलं, ही नदीकाठची मुलगी, हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिली तीच प्यायली, पोटभर. बाकीच्यांनी दोन-दोन घोट घेतले, प्रज्वलने एक ओंजळ. मुलांचं झाल्यावर मी पिणार होते. माझी पाळी आलीच नाही.

वाळू म्हणजे ठकूचा भाऊ, नदीपलीकडच्या वाडीतला. मासे मारायचं औषध त्यानेच टाकलं होतं, शनिवारी पहाटे. मासे घेऊन तो तसाच मुरबाडच्या बाजारात गेला, म्हणून चिंचवाडीत कुणाला कळलं नाही. सोमवारी पोलिसांनी त्याला धरला. त्याने नाही म्हटलं नाही. गावात म्हणतात, सख्ख्या भाचीला मारली. शेंगदाणे विकणारा पोरगासुद्धा म्हणतो. मीही मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते, तुझं पत्र येईपर्यंत.

बारकी वाटेवर काय शोधत होती? तुला ठाऊक आहे. मला सांग.

अनिता


आसनगाव,
२० मे २००२

अनिता,

मला काय ठाऊक नाय. पोर होती, काहीतरी शोधत असंल.

तुझं चार तारखेचं पत्र मी चुलीत टाकलं. आता ते नाय, आणि त्यात काय होतं ते मला आठवत नाय. तूही विसर.

यंदा तुमाला कायम करायचं चाललंय ना शाळेत? काका किती वर्षं त्याची वाट बघतायत. ज्या बाईचं नाव पोलिसात गेलं तिला कोण ठेवील? आणि तू एकटी नाय बुडणार. खालच्या आळीच्या दोन पोरींनी तुझं बघून दहावीचा फॉर्म भरलाय. उद्या त्यांचे बाप म्हणतील, बघा, शिकलेल्या बाईनं काय केलं.

प्रज्वल रात्री दचकतो. दिवसा विचारतो, बारकीला गाडी कोण दाखवणार. मी काय सांगू त्याला?

सुरेखा


करंजपाडा,
२८ मे २००२

प्रिय ताई,

तू सांगितलं नाहीस, म्हणून मी बाबांना विचारलं. ते अंगणात कुंपणाचे काटे बांधत होते. मी विचारलं, वाटेवर ओली डहाळी आडवी टाकून वर दगड ठेवतात, त्याचा अर्थ काय?

ते म्हणाले, "पुढं पाणी मारलेलं हाय. औषध टाकलंय. माणसानं पिऊ नये, गुरं नेऊ नयेत. पाणी निवळलं की ज्यानं टाकली तोच येऊन उचलतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढं तर गुराख्याच्या पोरालाबी ठाऊक असतं. तुला नाय ठाऊक?"

मी म्हटलं, "नाही. मी गुरांमागे कधी गेले नाही."

त्यांच्या हातातली काटेरी फांदी तशीच राहिली. मग म्हणाले, "मीच जाऊ दिलं नाय तुला." आणि उठून गेले. त्यानंतर माझ्याशी धड बोललेले नाहीत. रागाने नाही. मला वाटतं, त्यांना भीती वाटते की ते बोलले तर मी पुढचं सांगेन.

म्हणजे बारकी डहाळी शोधत होती. तिने नियमाप्रमाणे सगळं केलं. मागे गेली, तपासलं, डहाळी नव्हती, मग प्यायली. माझे सगळे नियम कागदावर होते आणि तिचा एकच नियम मी जाळीत फेकला होता.

आता वाळूचं ऐक. ठकू त्याला भेटून आली, तिने गिरजाबाईला सांगितलं. पहिल्या दिवशी तो म्हणत होता, मी डहाळी टाकली होती, माझ्या हातानं करंज तोडला होता. पोलिसांनी विचारलं, मग गेली कुठे? आता तो म्हणतो, "नसंलच टाकली. मी टाकली असती तर बारकी प्याली असती का? मीच शिकवलंय तिला. इसारलो आसंन मी." ताई, त्याला आता स्वतःचा हात आठवत नाही. जेवण सोडलं आहे त्याने.

औषध टाकलं ही त्याची चूक आहेच, ती त्याने कबूलही केली. पण विसरला नव्हता तो. हे जगात फक्त दोघींना माहीत आहे, तुला आणि मला. जगला तर उरलेला जन्म तो असंच समजून काढील.

मी सांगणार आहे. पत्र असतं तर बरं झालं असतं. त्यावर टोकावड्याचा चार तारखेचा शिक्का होता. आता मी बोलले तर लोक म्हणतील, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. काल डोहावर जाऊन जाळीत हात घातला. डहाळी मिळाली. पानं वाळून चुरा झालेली. तिच्याकडे बघून कोण काय ओळखणार?

तुझ्यावर माझा राग नाही. तू मला वाचवत होतीस.

अनिता


आसनगाव,
३ जून २००२

अनिता,

पत्र जाळलं नव्हतं. तांदळाच्या डब्यात तळाला ठेवलं होतं. यासोबत धाडते हाय. प्रज्वलच्या पप्पांना रजा टाकायला लावली, ते स्वतः आणून देतील, टपालावर माझा भरवसा नाय.

वाचलं त्याच मिनिटाला मला कळलं होतं. जाळायला दोनदा चुलीपाशी बसले. नाय जाळता आलं. माझं पोर एक ओंजळ प्यालं आणि ठकूचं पोटभर, एवढाच फरक गो आमच्या दोघींत. आणि मी तिच्या भावाला आत ठेवून डब्यावर झाकण लावत होते.

पत्रात मी पण लिहिलेलं की कोंडीचं पाणी आमी ओंजळीनं प्यायलो. डहाळी बघून प्यायचो, तेवढं लिहायचं राहिलं. आमाला वाटतं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.

जा. एकटी जाऊ नको, काकांना घेऊन जा.

सुरेखा


करंजपाडा,
१९ जून २००२

प्रिय ताई,

बाबा बरोबर आले. पोलीस ठाण्यात बाकावर माझ्या बाजूला बसले. साहेबांनी पत्र वाचलं, शिक्का उजेडात धरून बघितला, माझा जबाब लिहून घेतला. म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं." मी म्हटलं, "मला कळलं होतं." औषध टाकल्याचा गुन्हा वाळूवर राहणारच. पण गेल्या मंगळवारी तो जामिनावर सुटला. कागदावर आता माझंही नाव आहे. शाळेचं काय होईल, मला कायम करतील की काढतील, ते वरून अजून कळलेलं नाही.

पोलिसांकडे जायच्या आधी मी चिंचवाडीत गेले होते. पोलिसांच्या तोंडून ठकूने ऐकावं हे बरं नव्हतं. ती दारात नाचणी पाखडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. डहाळी मी उचलली, मला अर्थ ठाऊक नव्हता, वाळू विसरला नव्हता. सूप थांबलं नाही. संपल्यावर तिने एकच विचारलं.

"म्हंजे माज्या पोरीनं बघितलं व्हतं?"

"हो. मागे पळत गेली आणि बघितलं. नीट बघितलं."

"गावात म्हणत्यात, अवदसा आठवली, हावऱ्यावानी प्याली."

"नाही. तिने बघितलं होतं."

ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "जा आता, बाई." मी निघाले. मागून सुपाचा आवाज येत राहिला.

वाळूला मी भेटले नाही. गिरजाबाई सांगत होती, सुटून आल्या दिवशी तो आधी डोहावर गेला. त्या वाटेच्या तोंडाशी खूप वेळ बसला होता.

सोमवारी शाळा उघडली. मी आदल्या दिवशी खोली झाडली, फळा काळा केला. प्रज्वलने पाठवलेलं इंजिनाचं चित्र भिंतीला लावलं, मागून ढकलणाऱ्या तिन्ही इंजिनांचं. खाली त्याने "बारकीसाठी" असं लिहिलं आहे, ते मी झाकलं नाही. अकरा वाजेपर्यंत वाट बघितली. कुणी आलं नाही. कालही नाही.

आज सकाळी लवकर निघाले, म्हटलं वाडीत जाऊन एकेकाला बोलवावं. मोठ्या रस्त्यावरून माझ्या शाळेकडे पायवाट फुटते ना, तिथे पाय थांबला. वाटेच्या तोंडाशी करंजाची डहाळी आडवी टाकलेली होती. पानं ओली होती, देठ ताजा तुटलेला होता. वर दगड होता.

कुणी टाकली ते मी कुणाला विचारणार नाही.

आजूबाजूला कुणी नव्हतं. ती ओलांडून शाळेत जाता आलं असतं. पण, ताई, तिला हात न लावता घरी परत आले. पाणी निवळलं की ज्याने टाकली तोच येऊन उचलतो.

रोज सकाळी जाऊन बघून येईन.

तुझी,
अनिता